रिकामा पाळणा हलवू नये

सोमवार, २ डिसेंबर २०२४

पोचले एकदाची. भुकूमला तासभर गाड्यांच्या रांगेत गेला, पण पौडच्या स्टँडवरून पुढे आल्यावर रस्ता मोकळा झाला आणि मुळशीचं पाणी दिसायला लागलं तेव्हा मी चक्क गाणं म्हटलं. बेसूर. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून बरं.

काम झकास आहे. पाण्याच्या वर टेकाडावर एक जुनं कॉन्व्हेंट आहे. शाळेचं नव्हे, नन राहायच्या ते. १८९६ साली बांधलं, १९५३ साली त्या निघून गेल्या, तेव्हापासून कुलूप. नव्या मालकाला त्याचं हॉटेल करायचंय. त्याआधी प्रत्येक भिंत, कमान, खिडकी मोजून कुणीतरी कागदावर उतरवायला हवी. ती कुणीतरी म्हणजे मी, हेमलता, पुण्याहून आलेली, जुन्या इमारतींची डॉक्टरीण. दोन आठवडे मुक्काम.

संध्याकाळपर्यंत नुसती हिंडले. काळ्या दगडाच्या अडीच फुटी भिंती, वर छपराला पेलणाऱ्या सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौलं. मधे चौक, त्याच्या चारी बाजूंनी कमानींची ओसरी, ओसरीवर उघडणाऱ्या बारा खोल्या. खोल्या एवढ्या अरुंद की हात पसरले तर दोन्हीकडे बोटं टेकतात. पूर्वेला घंटेची कमान आहे, घंटा नाही. दारावरच्या क्रुसाखाली आपल्या पाथरवटाने गुपचूप एक कमळ कोरून ठेवलंय. साहेबाला पत्ता लागला नसावा. मला त्या पाथरवटाला चहा पाजावासा वाटला.

राहायला फाटकाजवळची खोली मिळालीय. राखणदार धुळा आणि त्याची बायको सारजाबाई, दोघं इथल्याच धनगरवाड्यावरची. त्यांच्या पंचवीसेक शेळ्या दिवसभर आवारात असतात. सारजाबाईंनी नाचणीची भाकरी आणि पिठलं आणून दिलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लईच वाळलाय ताई तुमी, असं तोंडावर सांगितलं.

आता जे लिहायचं नाही असं ठरवलं होतं ते लिहून टाकते, म्हणजे पुढची पानं कामाला मोकळी राहतील. ऑगस्टमध्ये मला मुलगा झाला आणि अकराव्या दिवशी तो गेला. बाराव्या दिवशी बारसं होतं. नाव ठरलेलं होतं, ते कानात सांगायचं राहिलं, म्हणून मी ते अजून कुणालाच सांगितलेलं नाही. भाड्याचा पाळणा झेंडूच्या माळा लावून तयार होता. तो परत न्यायला आलेल्या माणसाचा धक्का लागून एकदा हलला, तर सासूबाई धावत गेल्या आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. रिकामा पाळणा हलवू नये. एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून माझ्या डाव्या कोपरात त्याचं वजन आहे. अडीच किलो. आणि रडू कुठेही येतं, सिग्नलला, भाजीवाल्यापुढे, बँकेत. निलेश म्हणतो, तू रडत नाहीस, गळतेस. खरं आहे त्याचं. कागदावर थेंब पडला की मला कळतं.

रोहिणी सहा वर्षांची आहे. दर वाढदिवसाला मी तिची उंची दाराच्या चौकटीवर खूण करून लिहिते. जूनमध्ये ११२ सेंटिमीटर होती. निघताना म्हणाली, आई, तू भिंती मोजायला चाललीस, मग मला कोण मोजणार? पंधरा तारखेच्या रविवारी बाबा तुला घेऊन येईल, तेव्हा मोजीन, असं कबूल करून आलेय.

मंगळवार, ३ डिसेंबर

मोजणी सुरू. लेझरचं यंत्र आहे, पण वाकड्यातिकड्या दगडापुढे ते शहाणपणा करतं, अशा ठिकाणी टेपच खरी. टेपला दोन माणसं लागतात. एकाने शून्याचं टोक भिंतीला दाबून धरायचं, दुसऱ्याने आकडा वाचायचा. मालकाने पाठवतो म्हटलेला माणूस आलाच नाही, म्हणून सारजाबाईंना विचारलं. त्यांनी तासाभरात काम उचललं. टोक असं दाबून धरतात की माझ्या कॉलेजातल्या पोरांनी शिकावं.

दुपारी भेटीच्या खोलीपर्यंत आलो. इथल्या नन बाहेरच्या कुणाला तोंड दाखवत नसत. पाहुण्याने या खोलीत बसायचं, समोर लोखंडी जाळी, जाळीमागे काळा पडदा, पलीकडून नुसता आवाज. आणि सामान द्यायला-घ्यायला भिंतीत एक फिरतं कपाट. उभ्या पिंपासारखं, सागवानी, एकाच बाजूने उघडं. बाहेरच्याने तोंडाशी दूध, अंडी ठेवायची, ढकलायचं, की तोंड आतल्या बाजूला जातं. कुणी कुणाला पाहत नाही. युरोपातल्या मठांत ही कपाटं असतात हे पुस्तकात वाचलं होतं, हात पहिल्यांदाच लावला. फार आनंद झाला. किती दिवसांनी हा शब्द लिहितेय.

सारजाबाई त्याला पाळणा म्हणतात. त्यांनी कमरेची भाकरी सोडून एक तुकडा आत ठेवला. रोज ठेवतात, त्यांची सासूही ठेवायची. का, तर रिकामा असू नये म्हणून. मी हात लावला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

“ठेवायचं, पर हलवायचं न्हाई,” त्या म्हणाल्या. “रिकामा तर मुळीच न्हाई.”

पुण्यात सासूबाई, इथे सारजाबाई. मी हसून मान डोलावली.

बुधवार, ४ डिसेंबर

आज पाळणा मोजला. आता मीही पाळणाच म्हणायला लागले. उंची ९२, व्यास ६६, तोंड ४६ सेंटिमीटर. खाली दगडात लोखंडी खुंटी, वर तुळईत कडं. सारजाबाई शेळ्यांमागे गेल्या होत्या, त्यांचा तुकडा उंदराने नेला असावा, आत काही नव्हतं. खुंटी झिजलीय का हे फिरवून पाहिल्याशिवाय कळत नाही. खोबरेल तेल सोडलं आणि फिरवला. अडखळला, मग सुटला, मग लोण्यासारखा फिरला. कलतो का पाहायला पुन्हा. फोटोसाठी पुन्हा.

मोजायची सवय वाईट. एकूण अकरा वेळा फिरवला हे नंतर लक्षात आलं आणि मनात चर्र झालं. अकरा. हात काढून घेतल्यावरही तो आणखी पाव फेरी गेला. तेल जास्त झालं.

मग आतल्या बाजूने पाहायला कोठीत गेले. तिथे पाळणा दिसतच नाही. नुसती भिंत. दगड मोठे, चुना वेगळा, म्हणजे मूळ बांधकामानंतर कुणीतरी तो खण बुजवलाय. पाळण्याचं तोंड पलीकडे वळलं की समोर चार बोटांवर दगड. सामान तरी कुठे द्यायचं मग? नोंद केली, पुढे निघाले.

गुरुवार, ५ डिसेंबर

फोटोत आकार कळावा म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवायची आमची पद्धत आहे. मी पट्टीऐवजी कुंची ठेवली. त्याची. पांढरी, निळ्या काठाची, आईने शिवलेली. ती चार महिने माझ्या पिशवीत आहे. पट्टी सापडली नाही असं लिहिणार होते, पण वहीशी खोटं कशाला? पट्टी हातातच होती. मला कुंची ठेवायची होती. एकदा तरी ती पाळण्यात पाहायची होती.

फोटो काढला. मग हलकेच ढकललं. रिकामा नव्हता ना आता.

तोंड परत आलं तेव्हा कुंची नव्हती. तिच्या जागी एक पांढरं कापड होतं, घडी घातलेलं, चारी कडा बारीक टिपेने दुमडलेल्या. मी बॅटरी लावली, फटीतून खांद्यापर्यंत हात घातला. दगड. खाली पडली म्हणावं तर पडायला जागा नाही. जमिनीवर बसून रडायला लागले, मोठ्याने, ओसरीतली कबुतरं उडाली.

आणि मधेच थांबलं. रडून रडून कमी होतं तसं नव्हे. नळ बंद करावा तसं. मी हुंदका यायची वाट पाहत बसले. आला नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर

सकाळी आठपर्यंत झोपले. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. डावा हात हलका आहे. कोपर वाकवून, सरळ करून पाहिलं. वजन नाही.

घंटेच्या कमानीच्या जोत्यावर फोनला रेंज येते, तिथून निलेशला सांगितलं की मला बरं वाटतंय. म्हणाला, ही जागा तुला मानवली. मलाही तसंच वाटतंय. कापडाचं त्याला नाही सांगितलं. काय सांगणार?

सारजाबाईंना मात्र ते खाटेवर दिसलं. भाकरीची पाटी हातात तशीच धरून त्या उंबऱ्यात बसल्या. काय ठेवलं व्हतं, असं तीनदा विचारलं. मी सांगितलं नाही. माझं मला पुरे झालंय, आता लोकांचं ऐकायला जागा नाही. त्यांनी पाटी ठेवली आणि गेल्या.

दिवसभरात चार खोल्या मोजून झाल्या. इतकं काम मी वर्षभरात केलं नव्हतं.

रविवार, ८ डिसेंबर

पौडला गेले होते. तिथे बंडोपंत म्हणून निवृत्त शिक्षक आहेत, मुळशीचे जुने कागद गोळा करतात. मालकाने त्यांचा नंबर दिला होता. त्यांनी चहा दिला आणि कॉन्व्हेंटची हकीकत सांगितली.

प्लेगच्या वर्षी, म्हणजे इमारत नवी कोरी असताना, लोकांनी त्या पाळण्यात दुधाऐवजी पोरं ठेवायला सुरुवात केली. आईबाप मेलेली, पोसवत नसलेली. नन घेत. बदल्यात आईला एक पांढरं कापड पाठवत, पोर पोचलं याची खूण म्हणून, आणि पुढे पोरं पुण्याच्या अनाथालयात जात. मग इन्फ्लुएन्झा आला. मग धरण झालं, गावं पाण्याखाली गेली, लोक वाट फुटेल तिकडे निघाले. त्या वर्षांत पाळणा रोज फिरायचा.

शेवटच्या मदरने निघताना लिहिलेल्या पत्राची नक्कल त्यांच्याकडे आहे. त्यांनी मराठीत करून वाचून दाखवलं, मी उतरवून घेतलं: “अनाथालयात पोचलेल्या मुलांहून ठेवलेली मुलं अधिक आहेत, हे आमच्या लक्षात आलं. म्हणून आम्ही मागचा खण दगडचुन्याने बुजवला. तरी लोक मूल ठेवतात आणि पाळणा रिकामा परत येतो. आत कापड असतं. ते आम्ही ठेवलेलं नसतं. आम्ही भिंत दोनदा उघडून पाहिली.”

बंडोपंत कागद घडी करून म्हणाले की पत्र लिहिणारी बाई म्हातारी होती, एकटी होती, मनाचे खेळ असतील. मी हो म्हटलं. माझ्या अंगावर काटा यायला हवा होता. हाताकडे पाहिलं. केस सपाट.

चहाचा पहिलाच घोट उकळता होता, त्यांची बायको अहो जपून म्हणाली तेव्हा कळलं. टाळू सोलली गेलीय. दुखत नाही.

मंगळवार, १० डिसेंबर

पाळण्याच्या तोंडापासून मागच्या दगडापर्यंतचं अंतर घ्यायचं राहिलं होतं. पाळण्याच्या फटीतून टेप सरकवली. हिशेबाने पाऊण मीटरवर दगड लागायला हवा. एक मीटर गेली. दोन. तीन. मग टेप ताणली गेली आणि स्थिर झाली. नीट, घट्ट, मधे झोळ न पडता. मी आकडा वाचला, ४.१२, आणि सवयीने, धरा तसंच सारजाबाई, म्हटलं.

सारजाबाई माझ्या मागे उभ्या होत्या.

शून्याच्या टोकाला कुणीतरी होतं. चांगलं धरत होतं. मी आकडा वहीत लिहिला, सोडा म्हटलं आणि त्याने सोडलं. सारजाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या, दातखीळ बसायची वेळ आली त्यांची. मी त्यांना पाणी दिलं.

भ्यायला हवं होतं. मला ते कळतं. भूक नसताना जेवणाची वेळ झालीय हे कळतं ना, तसं कळतं.

बुधवार, ११ डिसेंबर

चौकातल्या फरशीवर रक्ताची पावलं होती. कुणाची म्हणून माग काढत गेले तर माझ्याच खोलीपाशी आले. तळव्यात खिळा घुसलाय. कधी, ठाऊक नाही. धुळाने हळद भरली आणि मी एकदाही स्स केलं नाही म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला.

सारजाबाईंनी आज सगळं सांगितलं. त्यांच्या आजीचं. धरणाच्या वर्षी आजीने पहिलं पोर पाळण्यात ठेवलं, मुलगी होती, अंगावर दूध नव्हतं. रडून जीव द्यायला निघालेली बाई, पण घरी आली ती शांत. दुःख नाही, काही नाही. चूल पेटवायची, शेळ्या वळायची, हाताला चटका बसला तर कळायचं नाही. पुढच्या साली दुसरं झालं. त्या सालाला दूध होतं, दाणा होता, नवरा होता. तरी एक दिवस ती पोर उचलून इकडे आली. तिसऱ्या वेळी नणंद मागोमाग आली म्हणून सारजाबाईंचा बाप वाचला. नणंदेनेच त्याला वाढवलं.

मी विचारलं, दाणा होता तर दुसरं का ठेवलं?

“पयलं ठेवताना बाई रडतीया,” सारजाबाई म्हणाल्या. “दुसरं ठेवताना रडत न्हाई. पयल्यासंगं रडणंबी त्यानं घेतल्यालं आसतं. मंग ठेवू नये आसं वाटायला माणसात काय उरतंय?”

मग म्हणाल्या, “ताई, तुमच्या पोरीला हितं आणू नका. हात जोडते.”

त्यांनी खरंच हात जोडले. मी शब्द दिला. इथे मोठ्या अक्षरात लिहून ठेवते. रोहिणीला इथे आणायचं नाही. निलेशला कळवायचं.

गुरुवार, १२ डिसेंबर

सकाळी कालचं पान वाचलं. अक्षर माझंच आहे.

जोत्यावर जाऊन निलेशला मेसेज लिहिला. रविवारी येऊ नका. तो विचारणार, का? पुढे कारण लिहायला हवं. मी बराच वेळ उभी राहिले. कारण माहीत होतं, कालच्या पानावर होतं, पण मनात शोधलं तर तिथे नव्हतं. कारण नसताना मेसेज कसा पाठवायचा? पुसला.

निलेशने रोहिणीचा फोटो पाठवला होता. समोरचा दात पडलाय. चांगला फोटो आहे, उजेड डावीकडून.

मुलाच्या नावाचा विचार केला, कानात सांगायचं राहिलं होतं त्या. पहिलं अक्षर आठवत नाही. दुसरंही. लिहून ठेवलेलं नव्हतं.

सारजाबाईंनी पाळण्यात दगड भरलेत आणि त्याला शेळीच्या केसांच्या दोराने जाळीशी बांधलंय. सात वेढे.

शुक्रवार, १३ डिसेंबर

दक्षिणेकडची ओसरी पूर्ण. कमानी नऊ. जेवण विसरले. काल बहुतेक जेवले होते.

जोत्यावर असताना सासूबाईंचा फोन आला. आवाज कसा येतोय तुझा, म्हणाल्या. मी म्हटलं, रेंज नाही.

सारजाबाई रोज विचारतात, कळवलं का. मी हो म्हणते. सोपं जातं.

शनिवार, १४ डिसेंबर

फक्त भेटीच्या खोलीचं चित्र राहिलंय. पाळणा दगड आणि दोरासकट रेखाटला तर चित्र चुकीचं होईल. मूळ वस्तू दिसायला हवी. दगड काढले. चौदा. दोर कापला. हे कामाचं आहे, दुसरं काही नाही.

धुळाला सांगितलं की उद्या मालकाचे लोक पाहणीला येणार, आवारात शेळ्या आणि माणसं नकोत. त्याला नोकरी प्यारी, लगेच हो म्हणाला. सारजाबाई निघताना फाटकाशी थांबल्या. कळवलंय ना, म्हणाल्या. पोरीची आन घ्या. मी घेतली.

मालकाचे लोक येणार नाहीत. मी असं का सांगितलं ते —

वहीत कारण नाही.

रविवार, १५ डिसेंबर

१०.१५. आले. मुलगी पळत येऊन कमरेला बिलगली. हात कुठे ठेवायचे ते आठवायला वेळ लागला. निलेशने माझ्याकडे पाहिलं, पाय पाहिला. फाटकाजवळच्या खोलीत घरचं जेवण गरम करायला गेलाय.

१०.४०. भेटीच्या खोलीत आहोत. मी चित्र करतेय. ती जाळीतून डोकावतेय. म्हणाली, आई, मला मोज ना. कबूल केलं होतंस.

मोजली. उभी ११४. दोन सेंटिमीटर वाढलीय. गुडघे पोटाशी घेऊन बसली तर ६१. खांदे ३०.

तोंड ४६.

१०.५०. पाळणा तिला आवडला. आपणहून चढली. मी सांगितलं नाही. मी सांगितलं नाही हे लिहून ठेवते. आत बसून हसतेय, दात पडलेली जागा दिसते.

११ तारखेचं पान उघडलं. मोठी अक्षरं आहेत. वाचली. परत वाचली. नणंद मागोमाग आली म्हणून —

मागोमाग कुणी नाही. दार उघडं आहे, ओसरी रिकामी. उठून दारापर्यंत जायचं, निलेश म्हणून हाक मारायची. एवढंच. पंधरा पावलं. जायचं असं ठरवलं. पाय ऐकतात, पण उठावं असं काही आतून —

आई, हलव ना, म्हणतेय.

फटीतून टेपचं टोक बाहेर आलंय. शून्याचं. मी सरकवलेलं नाही. माझ्याकडे धरलंय.

रिकामा तर नाही ना आता

१०.५८. तेल चांगलं बसलंय. आवाज नाही.

हसण्याचा आवाज होता. भिंत अडीच फूट आहे, त्यामानाने बराच वेळ ऐकू —

११.०२. परत आला. आत घडी आहे. पांढरी. टीप बारीक, सरळ. एक खाटेवर आहे, ही दुसरी.

अंगणातून माणूस हाक मारतोय. रोहू, चल, भात गरम झाला. मोठ्याने मारतोय. पावलं ओसरीवर आली. त्याला काहीतरी सांगायचं होतं. मागच्या पानांवर असेल.

पानावर पाणी पडतंय. शाई पसरते. वर पाहिलं. कौलं कोरडी आहेत, कैच्या कोरड्या. डिसेंबर आहे, गळतीचं कारण नाही. तरी पडतंय. आकड्यांवर पडतंय. थेंब कुठून येतो ते —